ट्राउट-सॅमनची हॅचरी: अंड्यापासून जलाशयापर्यंत

हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायची जागा, काढायची म्हटली की नवखा माणूस आधी टाक्या, ट्रे आणि पंपांची यादी करायला बसतो. यादी लागणारच आहे, पण घाई नको. हॅचरीच्या दारातून किती लाख पिल्लं बाहेर पडली हा आकडा वहीत छान दिसतो. वर्षभराने त्यातली किती जलाशयात जिवंत आहेत, हे मात्र बऱ्याच ठिकाणी कुणी मोजतच नाही. म्हणून इथला क्रम थोडा उलटा आहे. आधी जलाशय, मग हॅचरीचं पाणी, आणि त्यानंतर अंडी.

पायरी १: जलाशय तपासा

उन्हाळा सरत आला की जलाशयाची अवस्था सगळ्यात वाईट असते. नेमकं तेव्हाच होडीने सर्वांत खोल जागी जा आणि लांब केबलच्या मीटरने दर मीटरला तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन टिपत तळापर्यंत उतरा. खोल जलाशयात या दिवसांत पाण्याचे थर पडतात. वरचं पाणी कोमट आणि हलकं, खालचं थंड आणि जड, आणि मधे एक पट्टा असा, की त्यात तापमान झपाट्याने उतरतं. ट्राउट-सॅमनला थंड पाणी हवं म्हणजे ते खाली जातील, असं आपण गृहीत धरतो. पण खाली कुजणारा गाळ महिनोन्‌महिने ऑक्सिजन खात असतो आणि वरून नवा ऑक्सिजन पोचत नाही. वर पाणी २० अंश सेल्सिअसच्या पुढे, खाली ऑक्सिजन लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आत. अशात मासा मधल्या पट्ट्यात अडकतो. तो पट्टा चार-पाच मीटरचा असेल तर काम होईल. काही आठवडे पट्टाच उरत नसेल, तर त्या जलाशयात मासा वर्षभर टिकणार नाही. तिथे थंडीच्या सुरुवातीला मोठा मासा सोडायचा आणि त्याच हंगामात पकडू द्यायचा, एवढीच योजना शहाणपणाची.

जलाशय म्हणजे तळं नव्हे, हे दुसरं. त्याची पातळी माणूस ठरवतो. पातळी किती उतरते, पाणी कोणत्या खोलीवरून सोडतात, सांडव्यावरून कधी वाहतं, हे धरण चालवणाऱ्यांकडून आधी लिहून घ्या. विमोचक, म्हणजे धरणातून पाणी सोडायचं दार, थंड पाण्याच्या थरातून उघडत असेल तर उन्हाळ्यात तुमचा थंड पट्टाच तिथून निघून जातो, आणि त्यातले मासेही. समुद्रात जाणाऱ्या जातकुळीच्या सॅमनचं तर विचारूच नका. पिल्लं अंगावर चांदी चढून स्थलांतराला तयार झाली की प्रवाहाच्या दिशेने वाट शोधतात, आणि धरणातून वाट एकच असते. त्यामुळे जलाशयासाठी गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारे वाण निवडा.

जातीबद्दल थोडक्यात. रेनबो ट्राउट सगळ्यात सोसणारा, वाढवायला सोपा, गळाला लवकर लागणारा. सुरुवात त्याच्यापासून करा. ब्राउन ट्राउट चतुर, पकडायला अवघड, आणि मोठा झाला की दुसरे मासे खातो. कोकॅनी हा सॉकआय सॅमनचाच गोड्या पाण्यात राहणारा प्रकार. तो आयुष्यभर पाणपिसव्यांसारखे सूक्ष्म प्राणी टिपून खातो, त्यामुळे खोल, थंड आणि मोकळ्या पाण्याच्या जलाशयाला तो फार शोभतो. चिनूक सॅमन शिकारी आहे. लहान चारा-मासे भरपूर असतील तरच त्याचा विचार करा.

खाद्यसाखळीत हात घालताना किती जपावं लागतं, हे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या फ्लॅटहेड सरोवरात दिसलं. कोकॅनीला जास्त खाणं मिळावं या हेतूने वरच्या अंगाच्या सरोवरांत मायसिस नावाची बारकी कोळंबी सोडली होती. १९८०च्या दशकात ती वाहत फ्लॅटहेडमध्ये पोचली. ही कोळंबी दिवसा खोल अंधारात उतरते आणि रात्री वर येऊन पाणपिसवे खाते. कोकॅनी दिवसा, डोळ्यांनी हेरून खाणारा. कोळंबी त्याच्या तोंडी लागली नाही, उलट त्याचंच अन्न तिने संपवलं. दशक संपेपर्यंत तिथला कोकॅनी नाहीसा झाला, आणि तो खायला नदीकाठी जमणारे गरुडही दुसरीकडे गेले.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातलं. जिथे मुळात मासेच नव्हते अशा उंचावरच्या तळ्यांत ट्राउट सोडल्यावर तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकांची संख्या ढासळली. म्हणून जलाशयात वर मिळणारे ओढे, खाली जाणारी नदी आणि तिथले मूळ जीव यांची नोंद करूनच पुढे जा. जिवंत मासे किंवा अंडी हलवायला आणि सार्वजनिक पाण्यात सोडायला बहुतेक देशांत परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. ते कागद अंडी मागवण्याआधी हातात हवेत.

पायरी २: हॅचरीचं पाणी

इमारत नंतर बांधता येते, पाणी बांधता येत नाही. वर्षभर ८ ते १४ अंशांच्या दरम्यान राहणारा झरा मिळाला तर अर्धं काम झालं. झऱ्याचं किंवा खोल विहिरीचं पाणी ओढ्यापेक्षा चांगलं, कारण त्यात जंगली मासे नसतात आणि त्यांचे रोगही नसतात. ओढ्याचं पाणी घ्यावं लागलंच तर गाळण आणि अतिनील किरणांची यंत्रणा धरूनच खर्च मांडा.

भूगर्भातल्या पाण्याला मात्र दोन खोडी असतात. त्यात ऑक्सिजन कमी असतो आणि नायट्रोजन प्रमाणाबाहेर भरलेला असू शकतो. हा जादा वायू माशाच्या रक्तात बुडबुडे करतो. पिल्लांच्या परांत, कल्ल्यांत, डोळ्यांभोवती बारीक फुगे दिसू लागतात आणि मर सुरू होते. पाण्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे नवख्याला कारण सापडत नाही. उपाय स्वस्त आहे. उभ्या नळकांड्यात प्लास्टिकच्या जाळीदार गोळ्या भरून पाणी वरून त्यातून झिरपवा. जादा नायट्रोजन उडून जातो आणि ऑक्सिजन आत येतो. विरघळलेल्या वायूंचा एकूण दाब हवेच्या दाबाच्या १०३ टक्क्यांच्या आत ठेवा. पंपाच्या शोषनळीला बारीक चीर असेल तरी हवा आत ओढली जाऊन हाच त्रास होतो.

पीएच ६.५ ते ८.५. क्लोरीन आणि हायड्रोजन सल्फाइड शून्य. जस्ताचा मुलामा असलेले किंवा तांब्याचे पाइप वापरू नका, विशेषतः पाणी मृदू असेल तर. हे धातू अंड्यांना आणि पिल्लांना फार थोड्या प्रमाणातही मारतात.

किती पाणी लागेल? टाक्यांचा आकार धरून बहुतेक जण हिशेब करतात, तो चुकतो. रोजच्या खाद्यावरून करा. एक किलो खाद्य पचवायला मासे साधारण २०० ते २५० ग्रॅम ऑक्सिजन वापरतात. १० अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. समजा, टाकीत येणाऱ्या पाण्यात १०.५ आहे आणि बाहेर जाताना ६ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणजे दर लिटरमागे वापरायला ४.५ मिलिग्रॅम. मिनिटाला एक लिटर प्रवाह दिवसभरात सुमारे साडेसहा ग्रॅम ऑक्सिजन देतो. तेव्हा रोजच्या एक किलो खाद्यामागे मिनिटाला ३५ लिटरच्या आसपास प्रवाह हवा. हंगामाच्या शेवटी, मासे सगळ्यात मोठे असताना, रोज २० किलो खाद्य जाणार असेल तर मिनिटाला ७०० लिटर. आणि हा आकडा तुमच्या झऱ्याच्या सगळ्यात कोरड्या महिन्यातल्या प्रवाहाशी ताडून बघा. उंच डोंगरात हॅचरी असेल तर पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २००० मीटरवर पाचव्या हिश्श्याहून जास्त फरक पडतो.

शक्य असेल तर पाणी उताराने आणा. पंपावर चालणारी हॅचरी वीज जाईपर्यंतच हॅचरी असते. भरलेल्या टाकीचा प्रवाह थांबला की अर्ध्या तासात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागतात. पाणी-पातळीचा अलार्म, आपोआप सुरू होणारं जनित्र, आणि प्रत्येक टाकीपर्यंत नळी नेलेला ऑक्सिजनचा सिलिंडर ही चैन समजू नका. अलार्म महिन्यातून एकदा झडप बंद करून खरोखर वाजवून बघा, तोही रात्री.

पायरी ३: अंडी विकत की घरची?

पहिली दोन-तीन वर्षं डोळे आलेली (म्हणजे गर्भाचे काळे डोळे कवचातून दिसू लागलेली), रोगमुक्तीचा दाखला असलेली अंडी विकत घ्या. नर-माद्या पाळायच्या म्हणजे वेगळ्या टाक्या, वेगळं पाणी आणि वर्षभराचं खाद्य. शिवाय हंगामातल्या थोड्याच दिवसांत हात बसावा लागतो.

डोळे आलेलं अंडं प्रवासाला टणक असतं. ओलसर, थंड आणि अंधारं राहील अशा पेटीत, वरच्या ट्रेमधल्या बर्फाच्या थेंबांवर ते दोन दिवस आरामात जातं. पेटी आली की आधी आतलं तापमान बघा. अंडी ५ अंशांवर आणि तुमचं पाणी ११ अंशांवर असेल, तर त्यावर हळूहळू पाणी शिंपडत तासाभरात तापमान जुळवा. मग आयोडोफोर या आयोडीनयुक्त जंतुनाशकाच्या द्रावणात, दहा लाख भागांत १०० भाग आयोडीन अशा प्रमाणात, १० मिनिटं बुडवा. पाणी मृदू असेल तर द्रावण आम्लधर्मी होऊन अंडी मरतात. खाण्याचा सोडा घालून पीएच ७ च्या आसपास आणा. पेटी आणि बर्फ हॅचरीच्या आत न्यायचं नाही. हे निर्जंतुकीकरण अंड्याच्या कवचावरचे जंतू मारतं, आतले नाही, म्हणून दाखल्याला पर्याय नाही.

पायरी ४: अंडी काढणं

घरच्या माद्यांकडे वळाल तेव्हा आठवड्यातून एकदा प्रत्येक मादी हातात घेऊन तपासावी लागते. पोट मऊ लागलं, आणि शेपटी धरून मासा उभा केल्यावर अंड्यांची रास पोटात सरकताना दिसली, की ती तयार. अंगठ्याच्या हलक्या दाबाने अंडी मोत्यासारखी सुटी बाहेर आली पाहिजेत. जोर लावावा लागत असेल तर तिला परत सोडा आणि पुढच्या आठवड्यात बघा. जोराने काढलेली अंडी फलत नाहीत आणि मादीही आतून जखमी होते.

मासा आधी एमएस-२२२ या गुंगीच्या औषधाच्या किंवा लवंगतेलाच्या पाण्यात गुंगवा, मग स्वच्छ पाण्यातून काढून पोट आणि शेपटी मऊ फडक्याने कोरडी करा. इथे पाणी हा शत्रू. अंडं पाण्यात पडलं की पाणी शोषून फुगायला लागतं आणि रेत आत शिरायचं बारीक छिद्र मिनिट-दोन मिनिटांत बंद होतं. रेतपेशीही पाण्याचा स्पर्श झाल्यावर अर्धा मिनिटच पोहतात. म्हणून भांडं कोरडं, हात कोरडे. जर्मनीत स्टेफान लुडविग याकोबी याने १७६०च्या दशकात ट्राउटची कृत्रिम फलनपद्धत लिहून ठेवली, तेव्हा अंडी पाण्यातच काढत असत. रशियात व्लादिमीर व्रास्कीने १८५०च्या दशकात कोरडी पद्धत आणली, आणि आजही सगळे तीच वापरतात.

मादीचं डोकं तुमच्या काखेकडे, शेपटी खाली. अंगठा पोटाखालच्या परांच्या जरा पुढे ठेवून गुदद्वाराकडे हळूच आणा. अंडी वाडग्याच्या कडेवरून घसरू द्या, उंचावरून पडू देऊ नका. एखादं अंडं फुटलं तर त्यातला बलक बाकीच्या अंड्यांची छिद्रं बुजवतो. अशा वेळी ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाने सगळी अंडी धुऊन घ्या. रक्त किंवा विष्ठा आली तर तेवढी अंडी बाजूला. नराचं रेत दुधासारखं पांढरं हवं. पाणचट किंवा लघवी मिसळलेलं टाकून द्या. एका मादीची अंडी दोन-तीन वाट्यांत विभागून प्रत्येक वाटी वेगळ्या नराशी फलवा. सगळ्यांचं रेत एकत्र ओतलं तर एखाद्या जोरकस नराचीच पिल्लं निघतात. पिसाने हलकेच ढवळा, अंडी बुडतील एवढंच थंड पाणी घाला, दोन मिनिटं थांबा, आणि पाणी नितळ होईपर्यंत धुवा. मग तासभर अंधारात अजिबात न हलवता ठेवा.

रेनबोची मादी वजनाच्या किलोमागे साधारण २००० अंडी देते आणि पुढच्या वर्षी पुन्हा देते. कोकॅनी आणि इतर प्रशांत महासागरी सॅमन प्रजननानंतर मरतातच; त्यांना आधी मारून, रक्त निथळून, पोट चिरून अंडी काढतात. या कामात लोकांना एक मोह होतो: हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच कोटा भरून मोकळं व्हायचं. काही पिढ्यांत सगळा कळप लवकर विणारा होऊन बसतो आणि एका वाईट आठवड्यात अख्खा हंगाम जातो. अंडी हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, तिन्ही वेळा घ्या.

पळून गेलेला मासा खालच्या नदीत मूळ जातींशी मिसळण्याची भीती असेल तर वांझ मासे करा. फलनानंतर अंडी ठरावीक मिनिटांनी २६-२८ अंशांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवली की त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात. वेळ आणि तापमान वाणागणिक बदलतं, म्हणून आधी छोट्या तुकडीवर जमवा. सगळी अंडी वांझ होतीलच असं नाही. दर तुकडीचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो.

पायरी ५: उबवणी

उबवणीचा हिशेब दिवसांत करू नका, अंश-दिवसांत करा. रोजचं सरासरी तापमान बेरजेत टाकत जायचं. रेनबोचं अंडं सुमारे ३१०-३३० अंश-दिवसांत फुटतं, म्हणजे १० अंशांच्या पाण्यात महिनाभरात. त्यात डोळे दिसायला १६०-१८० लागतात. ब्राउन ट्राउटला चारशेच्या वर, अटलांटिक सॅमनला पाचशेच्या आसपास. प्रत्येक ट्रेवर चिठ्ठी लावा: तारीख, माद्यांची संख्या, आजची बेरीज.

एकावर एक रचलेल्या ट्रेंचे कपाट जागा वाचवतात. पाणी वरच्या ट्रेत शिरतं, अंड्यांच्या खालून वर येतं आणि पुढच्या ट्रेत पडतं. एका रचनेला मिनिटाला १५ ते २० लिटर पुरतं. झाकणं बंद, खोली अंधारी. थेट उन्हात अंडी मरतात.

फलनानंतर दोन दिवसांनी एक नाजूक काळ सुरू होतो आणि डोळे दिसेपर्यंत चालतो. या काळात ट्रे हलवणं, अंडी वेचणं, कपाटाला धक्का देणं, सगळं बंद. पाहुण्यांना झाकण उघडून दाखवायची हौस असते, ती आवरा. पण मेलेलं अंडं पांढरं पडतं आणि त्यावर सॅप्रोलेग्निया बुरशी कापसासारखी वाढून शेजारच्या जिवंत अंड्यांना कवेत घेते. म्हणून बरेच जण रोज फॉर्मलिन सोडतात: १ भागाला ६०० भाग पाणी, १५ मिनिटं, वाहत्या पाण्यातून. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा याशिवाय फॉर्मलिनची बाटली उघडायची नाही. अंडी फुटायच्या दिवसभर आधी तो बंद करा. मॅलाकाइट ग्रीनचं नाव कुणी काढलं तर ऐकू नका. खाण्याच्या माशांसाठी ते बऱ्याच देशांत बंद आहे, आणि योग्य कारणाने.

डोळे स्पष्ट दिसले की अंड्यांना मुद्दाम धक्का द्यायचा. नळीने ओढून फूटभर उंचीवरून बादलीतल्या पाण्यात पडू द्या. न फललेल्या अंड्यांतलं बलकाचं आवरण या धक्क्याने फाटतं आणि ती दिवसभरात पांढरी होतात. जिवंत गर्भाला काही होत नाही. मग चिमट्याने किंवा रबरी फुग्याच्या नळीने पांढरी वेचा. पाठ दुखवणारं काम आहे हे, पण एका ट्रेतली पाचशे पांढरी अंडी बारकाईने वेचलेल्या माणसाला पुढच्या वेळी कोरड्या वाडग्याची किंमत सांगावी लागत नाही. याच वेळी मोजणीही उरका: मापपात्रात शंभर अंडी किती पाणी वर ढकलतात ते बघून बाकीची मापाने.

अंडी फुटायला लागली की कवचं निचऱ्याच्या जाळीवर चिकटून पाणी तुंबतं. त्या दोन-तीन रात्री कुणीतरी जागं राहून जाळ्या घासत राहावं लागतं.

पायरी ६: पहिला घास

फुटून निघालेलं पिल्लू तळाशी पडून राहतं. पोटाला नारिंगी पीतक पिशवी, म्हणजे बलकाची शिदोरी. त्याला अंधार, शांतता आणि ऑक्सिजन हवा, अन्न नको. सपाट तळावर पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरतात. तळाला गोटे किंवा प्लास्टिकची खरबरीत चटई टाकली की ती विखुरतात आणि पीतक पोहण्यात न घालवता वाढीत घालवतात.

१० अंशांवर दोन-तीन आठवड्यांत पिशवी आटते. पोटावर बारीक शिवण उरली आणि निम्मी पिल्लं वर येऊन हवेचा घोट घेऊ लागली की खाद्य सुरू करा. लवकर टाकलं तर ते तळाशी सडून कल्ल्यांना रोग लावतं. उशीर केला तर पिल्लू खायला शिकतच नाही. मोठं डोकं आणि सुईसारखं अंग घेऊन काही दिवस फिरतं आणि मरतं. सुरुवातीचं खाद्य अर्धा मिलिमीटर आकाराचं, ५० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं. दिवसातून आठ-दहा वेळा चिमूट चिमूट. स्वयंचलित फीडर असला तरी पहिले पंधरा दिवस दिवसातून दोनदा तरी हाताने टाका, कारण पिल्लं कशी धावतात ते बघूनच तब्येत कळते.

पायरी ७: बोटुकलीपर्यंत

गर्दीचा एक जुना ढोबळ नियम अजून कामाचा आहे: माशाच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला घनमीटरमागे तीन किलो, ही वरची मर्यादा. १० सेंटिमीटरचा मासा असेल तर ३० किलो. जलाशयात सोडायचा मासा असेल तर मी याच्या निम्म्यावरच थांबेन. गर्दीत वाढलेल्या माशाचे पर झिजतात आणि तशा परांनी मोकळ्या पाण्यात शिकाऱ्यापासून पळणं कठीण. सिमेंटची लांबट टाकी साधारण ३० लांब, ३ रुंद, १ खोल या प्रमाणात असते आणि तिचं पाणी तासाला निदान तीनदा बदलायला हवं.

लहान पिल्लांना वजनाच्या ५ टक्के खाद्य रोज, बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, २-३ टक्के. पाणी थंड असेल तर त्याहून कमी. २० अंशांच्या वर गेलं तर बंदच. दर दोन आठवड्यांनी नमुना तोला आणि खाद्य नव्याने ठरवा. मोठी-लहान वेगळी करा. एका टाकीत दुप्पट फरक पडला की मोठी पिल्लं लहानांचे डोळे आणि शेपट्या कुरतडतात. १०-१२ अंशांवर रेनबो महिन्याला दीड-दोन सेंटिमीटर वाढतो.

आजार बहुतेक वेळा गर्दी, गाळ आणि कमी ऑक्सिजन यांच्या मागोमाग येतो. कल्ल्यांच्या जिवाणूरोगात पिल्लं पाण्याच्या आवकेकडे तोंड करून रांगेने उभी राहतात, कल्ल्यांची झाकणं उघडी. थंड पाण्याच्या जिवाणूरोगात शेपटीजवळचं मांस गळतं. औषध देण्याआधी मत्स्यवैद्याकडून निदान करून घ्या. चक्कर रोगाचं मात्र वेगळं. मायक्सोबोलस सेरेब्रॅलिस हा परजीवी चिखलातल्या ट्युबिफेक्स या गांडुळासारख्या कृमीत वाढून पिल्लांच्या कूर्चेत शिरतो, मग मासा शेपटीमागे गोल गोल फिरतो. १९९०च्या दशकात मोंटानाच्या मॅडिसन नदीत आणि कोलोरॅडोत त्याने जंगली रेनबोचं फार नुकसान केलं. लहान पिल्लं मातीच्या तळ्यात ठेवू नका. सिमेंट किंवा फायबरच्या टाक्या आणि झऱ्याचं पाणी हाच बचाव.

प्रत्येक टाकीला वेगळं हातजाळं आणि दारात जंतुनाशकाची पायपुसणी. टाक्यांवर जाळी, बगळा एकदा जागा ओळखून गेला की रोज येतो. आणि जमलं तर टाकीचा काही भाग झाकून माशांना आडोसा द्या, खाद्य माणूस न दिसता पडेल असं करा. सावली पडली की धावत वर यायची सवय हॅचरीत लागते, आणि जलाशयात ती सावली बगळ्याची असते.

पायरी ८: वाहतूक आणि सोडणी

किती मोठा मासा सोडायचा? शिकारी मासे नसतील तर ७-१० सेंटिमीटरची बोटुकली स्वस्त आणि चांगली. शिकारी मासे दाट असतील तर २० सेंटिमीटरच्या आतला मासा म्हणजे त्यांचंच खाद्य. संख्येचा मोह सोडून थोडा मोठा मासा सोडणं जवळजवळ नेहमी परवडतं.

निघण्याआधी २४ ते ४८ तास उपाशी ठेवा, नाहीतर वाटेत पाणी विष्ठेने आणि अमोनियाने बिघडतं. टाकीत हॅचरीचंच पाणी, त्यात अर्धा टक्का साधं मीठ. नवख्याने बोटुकलीसाठी लिटरमागे ६०-८० ग्रॅम माशांच्या वर जाऊ नये. ऑक्सिजन सोडताना पाणी ढवळणारा पंखाही हवा, कारण नुसत्या ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड उडत नाही. मीटर चांगला आकडा दाखवत असतो आणि मासे मात्र आडवे होतात. निघाल्यावर पाऊण तासाने गाडी थांबवून झाकण उघडून बघा. घोळ व्हायचा असेल तर याच वेळात दिसतो.

जलाशयावर पोचल्यावर तापमानात ५ अंशांहून जास्त फरक असेल तर जलाशयाचं पाणी थोडं थोडं टाकीत घ्या. एक अंश बदलायला १५-२० मिनिटं द्या. वरचं पाणी १५ अंशांच्या आत असतानाच सोडा, म्हणजे वसंतात किंवा शरदात. सगळी गाडी एका धक्क्यावर रिकामी करणं सोयीचं असतं आणि शिकारी मासे-पक्षी हे आठवडाभरात शिकतात. होडीने चार-पाच ठिकाणी, संध्याकाळनंतर, विमोचकापासून लांब सोडा. पाच-पन्नास मासे जाळीच्या पिंजऱ्यात घालून तिथेच दोन दिवस बुडवून ठेवले तर सोडणीतली मर कळते.

पायरी ९: उरले किती?

यासाठी सोडताना खूण हवी. पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर बुडापासून कापला की पुन्हा उगवत नाही आणि माशाचं फारसं अडत नाही. आदल्या-पुढच्या वर्षीचे मासे वेगळे ओळखायचे असतील तर नाकाच्या कूर्चेत सांकेतिक खुणा असलेली मिलिमीटरभर तार बसवतात. संपूर्ण तुकडीला खूण करायची सोपी युक्ती उबवणीतच आहे: डोळे आलेल्या अंड्यांचं पाणी ठरावीक क्रमाने तीन-चार अंश खाली-वर केलं की कानातल्या खड्यावर वलयं उमटतात आणि ती आयुष्यभर राहतात. अलास्कात कोट्यवधी सॅमन असेच ओळखतात.

पुढच्या वर्षी गळवाल्यांच्या टोपल्या बघा, त्यांच्याकडून लांबी आणि खुणा टिपून घ्या, आणि शरदात ठरलेल्या जागी गिलनेट (मासा कल्ल्यांशी अडकतो असं उभं जाळं) लावा. सोबत सूक्ष्म प्राण्यांचं जाळं ओढून पाणपिसवे किती मोठे आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. मासे सडपातळ आणि पाणपिसवे एक मिलिमीटरच्या आतले असतील तर सोडणी जास्त झाली आहे. पुढच्या हंगामात तिसरा हिस्सा कमी करा. मासे धष्टपुष्ट पण खूप थोडे असतील तर खाणं पुरतंय, मासे दुसरीकडे जातायत. अशा वेळी संख्या वाढवण्याआधी सोडायच्या माशाचा आकार, सोडायची तारीख आणि विमोचकाचं वेळापत्रक बघा, आणि एका वर्षी यातली एकच गोष्ट बदला.